उघडंना गेलेली फाईल: आधी नक्कल, मग निदान

जुलैचे शेवटचे दिवस होते. पीक विम्याची मुदत तोंडावर आलेली, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अशात एका मावशींनी फोन पुढं केला. "दादा, पोरानं सातबारा काढलाय, पण उघडंना गेलाय बघा. पंधरा रुपये पाण्यात गेले का काय?" फोनमध्ये त्याच सातबाऱ्याच्या पाच फायली होत्या. पोरानं एकीचं नाव बदललं होतं, दुसरी कुठल्याशा वेबसाइटवर टाकून 'दुरुस्त' करून आणली होती, तिसरी व्हॉट्सअ‍ॅपवर मामाला पाठवून परत मागवली होती. मी दुरुस्ती काहीच केली नाही. आधी फाईलचा आकार बघितला: 4 केबी. मग ती कॉम्प्युटरवर घेऊन नोटपॅडमध्ये उघडली, तर आत पीडीएफ नव्हतीच. 'सेशन संपलं, पुन्हा लॉगिन करा' असं सांगणारं पोर्टलचं पान होतं आणि फोननं ते पीडीएफ म्हणून ठेवून घेतलं होतं. लॉगिन करून सातबारा पुन्हा उतरवला. दोन मिनिटांचं काम.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, तहसीलसमोर माझं सेवा केंद्र आणि डीटीपीचं दुकान आहे. 'उघडंना' हा शब्द दिवसातून चार वेळा तरी कानावर पडतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय. येणाऱ्या फायलींपैकी खरोखर मेलेल्या थोड्याच असतात. बऱ्याचशा फायलींची वाट लागते ती पहिल्या अर्ध्या तासात, घाबरून केलेल्या खटपटीमुळं. म्हणून मी ज्या क्रमानं बघतो तोच क्रम इथं देतो. एखाद्याचा दाखला, एखाद्या लेकराचा अर्ज यानं वाचला तर लिहिल्याचं समाधान आहे.

पहिली पायरी: नक्कल

मूळ फाईल जिथं आहे तिथंच राहू द्या. ती कॉपी करा, डेस्कटॉपवर वेगळा फोल्डर करून त्यात पेस्ट करा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवरच करा. फाईल पेनड्राइव्हवर असेल तर ती पेनड्राइव्हवरूनच उघडायचा हट्ट नको, आधी कॉम्प्युटरवर घ्या. नुसत्या एवढ्यानंही कित्येक फायली उघडतात, कारण दोष फाईलमध्ये नसून सैल झालेल्या पोर्टात असतो.

कॉपीच होत नसेल, मध्येच अडकत असेल, तर दुखणं फाईलचं नाही, पेनड्राइव्हचं किंवा डिस्कचं आहे. तसं असेल तर थेट खाली पेनड्राइव्हच्या भागाकडं जा.

आणि ऑनलाइन दुरुस्ती करून देणाऱ्या वेबसाइट शक्यतो टाळा. आधार, पासबुक, जातीचा दाखला अशी कागदपत्रं कुणाच्या सर्व्हरवर जाऊन पडतात हे आपल्याला दिसत नाही.

दुसरी पायरी: आकार बघा

फाईलवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज. आकार 0 बाइट असेल तर आत काहीच नाही. नाव आहे, पण घर रिकामं. अशा फाईलवर कुठलंही सॉफ्टवेअर चालवून उपयोग नाही, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा. कॉपी चालू असताना लाइट गेली किंवा पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता ओढून काढला की हे हमखास होतं. आमच्याकडं उन्हाळ्यात लोडशेडिंगच्या दिवसांत अशा फायली जास्त येतात.

आकार आहे पण फारच कमी आहे, उदाहरणार्थ चाळीस पानांचं स्कॅन आणि फाईल 5 केबी, तर मावशींच्या सातबाऱ्यासारखा प्रकार समजा. आकार बराच आहे पण मूळ फाईलपेक्षा कमी आहे, तर डाउनलोड अर्धवट राहिलंय. क्रोममध्ये अशा फाईलच्या शेवटी 'सीआरडाउनलोड' असं लागलेलं दिसतं. ते खोडून 'पीडीएफ' लिहिलं म्हणून उरलेली पानं येत नाहीत.

अर्धवट फाईलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण 'अहो, 95 टक्के तर उतरली होती, तेवढी तरी दिसायला पाहिजे' हे मी फार ऐकलंय. फोटोचं तसं होतं खरं. जेपीजी फोटो वरून खाली रंगत येतो, त्यामुळं अर्धा आला तर वरचं अर्धं चित्र दिसतं आणि खाली करडा पट्टा राहतो. पीडीएफचं तसं नाही. तिची अनुक्रमणिका, म्हणजे कुठलं पान कुठं आहे याची यादी, बहुधा शेवटी असते. झिपचीही तशीच, आणि वर्ड-एक्सेलच्या नव्या फायली आतून झिपच असतात. शेपूट तुटलं की मधला सगळा मजकूर शाबूत असूनही वाचणाऱ्याला वाट सापडत नाही. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि मराठवाड्यातल्या जिल्ह्यांनी कुणबी नोंदींचे जुने कागद स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकले, तेव्हा हे रोज दिसायचं. माणसं रानात, एका दांडीच्या नेटवर्कवर या जड पीडीएफ उतरवायची, पणजोबांचं नाव शोधायला, आणि हाती यायची अर्धी फाईल. त्यांना मी एकच सांगायचो: पहाटे किंवा रात्री उशिरा, एका वेळी एकच फाईल उतरवा आणि संकेतस्थळावर आकार लिहिलेला असेल तर तो जुळवून बघा.

अर्धवट पीडीएफ पुन्हा मिळण्यासारखी नसेल तर ती क्रोम, एज, फायरफॉक्स अशा वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. काही प्रोग्राम तुटलेली अनुक्रमणिका नव्यानं बांधून जेवढी पानं सापडतील तेवढी दाखवतात. उघडली तर 'प्रिंट टू पीडीएफ' करून नवी प्रत करता येते. फक्त एक ध्यानात ठेवा: तशी प्रत केली की डिजिटल सही निघून जाते. डिजिटल सातबारा, उत्पन्नाचा दाखला यांची किंमत त्या सहीतच आहे. आणि सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतंय म्हणून फाईल खराब आहे असं नाही. आपल्या कॉम्प्युटरनं ती सही अजून पडताळलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी पायरी: नावावर जाऊ नका, आत बघा

विंडोज फाईलचं पूर्ण नाव दाखवत नाही. शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, म्हणजे एक्स्टेन्शन, ते लपवतं. ती आधी दिसू द्या. विंडोज 11 मध्ये फोल्डर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'. विंडोज 10 मध्ये 'व्ह्यू' पट्टीवरच ती चौकट आहे.

पण एक्स्टेन्शन म्हणजे घरावरची पाटी. पाटी कुणीही बदलू शकतं. आत कोण राहतं ते बघायला नकलेवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ', नोटपॅड. स्क्रीनभर चित्रविचित्र चिन्हं येतील, घाबरू नका. फक्त पहिल्या ओळीची पहिली चार-सहा अक्षरं वाचायची:

% चिन्ह आणि लगेच पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरं: खरी पीडीएफ.
पी आणि के: झिप, किंवा 2007 पासूनची वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट फाईल. झिपचा जनक फिल काट्झ याच्या नावाची ही आद्याक्षरं.
पीएनजी, किंवा थोडं पुढं जेएफआयएफ अथवा एक्झिफ: चित्र.
कोनी कंसात एचटीएमएल: वेबपान.
एम आणि झेड: चालणारा प्रोग्राम. ही पाटी 'लग्नपत्रिका' म्हणत असली तरी उघडू नका, फाईल काढून टाका.

बघून झालं की नोटपॅड तसंच बंद करा. 'सेव्ह' चुकूनही दाबू नका, नाहीतर आतली चिन्हं बदलतात आणि चांगली फाईल खरोखर बिघडते. फाईल 50 एमबीच्या वर असेल तर नोटपॅड गुदमरतं, तेव्हा ही रीत सोडा.

आतलं खरं रूप कळलं की निम्मं काम झालं. सरकारी पोर्टलवरून उतरवलेल्या कित्येक 'एक्सेल' फायली आतून वेबपानातला तक्ताच असतात. एक्सेल उघडताना विचारतं की फाईलचं रूप आणि नाव जुळत नाही, उघडू का? पोर्टल ओळखीचं असेल तर 'येस' म्हणा आणि उघडल्यावर 'सेव्ह अ‍ॅज' करून खऱ्या एक्सेल रूपात ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी या एका प्रश्नासाठी माझ्याकडं चकरा मारायचे.

आता पटापट काही ओळखी. आयफोनचा फोटो 'हेइक' रूपात असतो, प्रवेशाच्या अर्जात चढत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपीजी निघतात. ई-आधारला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. कोरलड्रॉची फाईल नव्या आवृत्तीत केलेली असेल तर जुनी आवृत्ती ती उघडत नाही, फ्लेक्सवाल्याला 'जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून दे' म्हणा. सीटी स्कॅन किंवा एमआरआयच्या सीडीतल्या फायलींना बऱ्याचदा एक्स्टेन्शनच नसतं. त्या डायकॉम रूपातल्या असतात, फोटो बघायच्या प्रोग्राममध्ये उघडत नाहीत. सीडीतच त्यांचा व्ह्यूअर असतो, नसेल तर मायक्रोडायकॉमसारखा उतरवून घ्या. पेशंटला पुण्या-मुंबईला न्यायचं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशीच ती सीडी लावून बघा.

वर्ड-एक्सेल मधूनच तुटलं असेल तर

टाइप करताना लाइट गेली आणि आता वर्ड म्हणतं, फाईल करप्ट आहे. आधी वर्ड उघडा, 'ओपन'मध्ये जाऊन फाईल एकदाच क्लिक करून निवडा. 'ओपन' बटणाशेजारच्या बारक्या बाणात 'ओपन अँड रिपेअर' असतं, ते घ्या. जमलं नाही तर फुकट मिळणारं लिब्रेऑफिस वापरून बघा, वर्डनं हात टेकलेल्या फायली ते बऱ्याचदा उघडतं. वर्डमध्येच 'फाईल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट' इथं सेव्ह न झालेल्या फायलींची यादीही असते, ती बघायला विसरू नका.

तरी नाही, आणि आत महत्त्वाचे फोटो आहेत? नकलेचं एक्स्टेन्शन बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया'. फाईलमध्ये टाकलेले सगळे फोटो तिथं सुटे ठेवलेले असतात. एका गावच्या सप्ताहाच्या स्मरणिकेचे पन्नासावर फोटो मी असे काढून दिले होते. मजकूर पुन्हा टाइप करावा लागला, पण फोटो दुसरीकडं कुठंच नव्हते.

'फाईल लॉक्ड आहे, दुसरं कुणीतरी वापरतंय' असं म्हणत असेल आणि दुसरं कुणीच नसेल, तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. तरी तेच म्हणत असेल, तर लाइट गेल्यावर त्याच फोल्डरमध्ये मागं राहिलेल्या, ~$ नं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाईलमुळं ते होतं; वर्ड बंद करून तेवढीच फाईल खोडा.

उघडते, पण मराठीचा भुगा होतो

हा आपला, मराठी माणसाचा खास त्रास. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात तो सापडत नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

जुनी वर्ड फाईल उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस यांची खिचडी दिसली, तर फाईल शंभर टक्के ठीक आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची एकच पद्धत, रुळण्याआधी श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव यांच्या फॉन्टमध्ये काम चालायचं. या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. काय करायचं? मजकूर सिलेक्ट करा आणि फॉन्टच्या चौकटीत बघा. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी त्याचं नाव तिथं दिसतं: 'श्री-देव'नं सुरू होणारं, 'डीव्हीबी-टीटी सुरेख', असं काहीतरी. तोच फॉन्ट मिळवून टाका, मजकूर जागेवर येईल. कायमचा इलाज म्हणजे त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून युनिकोड करून घेणं. मात्र त्यानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालाच, चुका तिथंच होतात. जमिनीच्या वाटणीपत्रात 'वर्षा'चं 'वषा' झालं तर ते नाव दुसऱ्याच बाईचं.

दुसरा प्रकार याद्यांचा. उमेद अभियानात गावातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या एक सीआरपी ताई गटांची यादी घेऊन आल्या, सीएसव्ही फाईल होती, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर. डबल क्लिक केल्यावर प्रत्येक नावाच्या जागी एकच चिन्ह पुन्हा पुन्हा: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, आणि त्यापुढं चार पायांचा छोटा गोळा. हा जोड दिसला की खुशाल समजा, आत शुद्ध युनिकोड मराठी आहे, एक्सेल फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचतंय. ती खिडकी सेव्ह न करता बंद करा. कोरं एक्सेल उघडा, 'डेटा', मग 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाईल निवडा, आणि 'फाईल ओरिजिन'मध्ये 65001 युनिकोड यूटीएफ-8 घ्या. नावं लख्ख दिसतात.

तिथंच थांबून आणखी एक करा: बँक खात्याचा रकाना 'टेक्स्ट' करा. एक्सेल कुठल्याही संख्येचे 15 अंकच खरे धरतं, सोळावा अंक शून्य करून टाकतं, आणि सुरुवातीची शून्यं तर खाऊनच टाकतं. ताईंच्या यादीत डबल क्लिकनं उघडलेल्या प्रतीत सोळा अंकी सगळी खाती शून्यावर संपत होती. त्यांनी तीच प्रत सेव्ह करून पुढं पाठवली असती तर त्या बायांचे पैसे अडकले असते. मूळ फाईल हात न लावता ठेवलेली होती म्हणून निभावलं.

पेनड्राइव्ह

'फॉरमॅट करायचं का?' असं विंडोजनं विचारलं तर उत्तर 'कॅन्सल'. हे मी फार मोलानं शिकलोय. दुकान नवं होतं तेव्हा निवृत्तीला आलेले एक गुरुजी पेनड्राइव्ह घेऊन आले. मी घाईत फॉरमॅट दाबलं आणि वर नव्या फायलीही भरल्या. त्यांचे नोकरीभरचे कागद त्यात होते, आणि मुलीच्या लग्नातले फोटो. कागद त्यांनी कार्यालयांत हिंडून पुन्हा मिळवले. फोटो मिळाले नाहीत. ते मला एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून काय करणार ते मालकाला सांगितल्याशिवाय मी कुणाच्याही पेनड्राइव्हला हात लावत नाही.

आधी दुसरा पोर्ट, मग दुसरा कॉम्प्युटर. तरी तेच विचारत असेल तर त्यावर काहीही नवं लिहू नका. फोटोरेक आणि त्याचा जोडीदार टेस्टडिस्क हे फुकट प्रोग्राम आहेत. सापडलेल्या फायली ते वेगळ्या डिस्कवर काढतात, त्याच पेनड्राइव्हवर कधी काढू नका. फोटोरेक जुनी नावं परत देत नाही, हजार फायली नुसत्या आकड्यांच्या नावानं निघतील आणि बसून चाळाव्या लागतील.

फोल्डरच्या जागी एक-दोन केबीचे शॉर्टकट दिसत असतील तर तो पेनड्राइव्हमधला व्हायरस, झेरॉक्सच्या दुकानांतून फिरणारा. शॉर्टकटवर क्लिक करू नका. 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू करा; तरी न दिसल्यास फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. खरं फोल्डर फिकट दिसेल, कधी त्याला नावही नसेल. आतल्या कामाच्या फायली तेवढ्या कॉपी करा आणि अँटिव्हायरसनं तपासा.

ज्या उघडायच्याच नाहीत

व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका, पीएम किसानची यादी, गाडीचं चलान अशा नावानं 'एपीके' येतं. ते कागदपत्र नाही, फोनमध्ये बसणारं अ‍ॅप आहे. बँकेचे ओटीपी ते वाचू शकतं. 'उघडंना' म्हणून परवानग्या देत बसू नका. बसवून झालं असेल तर इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

कॉम्प्युटरवरच्या सगळ्याच फायलींच्या शेवटी एका रात्रीत विचित्र अक्षरं लागली आणि सोबत पैसे मागणारी चिठ्ठी असेल, तर ते रॅन्समवेअर. नेटची वायर काढा, पैसे देऊ नका, फायली खोडूही नका. युरोपोलसह काही संस्थांनी 2016 साली 'नो मोअर रॅन्सम' हे संकेतस्थळ सुरू केलं, तिथं काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज मिळाली नाही तर पुढंमागं मिळू शकते, म्हणून फायली जपून ठेवा.

कुणाची मदत घ्यायची वेळ आली

दुकानात येताना नकलेसोबत मूळ फाईलही आणा. ती कुणी पाठवली, कशानं बनवली, शेवटची कधी उघडली होती आणि त्यानंतर काय काय करून पाहिलं, हे खरं खरं सांगा. पोरानं नाव बदललं असेल तर तेही सांगा, कुणी रागावत नाही. फाईल पुन्हा मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवलेलं स्कॅन दाबलं जातं आणि बारीक अक्षरं पुसट होतात.

आणि हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल, तर यातलं काहीच करू नका. आतला वाचणारा काटा जागा सोडून आपटतोय, प्रत्येक वेळी चालू केली की पृष्ठभाग आणखी खरवडतो. कॉम्प्युटर बंद करा, डिस्क काढून कापडात गुंडाळा आणि डेटा रिकव्हरीची लॅब असलेल्या शहरात घेऊन जा. खर्च विचारून घ्या, आत काय आहे ते घरात बसून ठरवा, आणि ठरेपर्यंत ती पुन्हा लावून बघू नका.